फाइलीतली पार्वती

"बेचाळीस प्रश्न?" लोंढेबाईंनी माझी प्रश्नावली आधी लांब धरली, मग जवळ आणली. "आणि हे सगळे मलाच?"

"एकदम नाही, बाई. रोज थोडे थोडे."

"हा बघा, एकोणीस नंबर. 'लाभार्थ्यापासून भावनिक अंतर राखण्यासाठी आपण कोणत्या पद्धती वापरता?'" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "किती अंतर? फुटात सांगू का मीटरमध्ये?"

पलीकडच्या टेबलावर चौगुले भाऊसाहेब टाइप करत होते. ते कार्यालयाचे कारकून आणि कधी हसत नसत, पण त्यांची बोटं टाइपरायटरवर थांबली तेव्हा मला कळलं की ते हसताहेत.

ही एक्याण्णव सालची गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते आणि पुण्याहून इचलकरंजीला आले होते. समाजकार्य हा व्यवसाय माणसं प्रत्यक्षात कसा करतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. आमच्या सरांनी निघताना सांगितलं होतं, "अर्धा वेळ वाच, अर्धा वेळ त्यांच्याजवळ बसून राहा." वाचण्याचा भाग मी जरा जास्तच मनावर घेतला होता. एक ट्रंक भरून पुस्तकं आणि एक जपानी टेपरेकॉर्डर घेऊन मी आले होते. त्या टेपरेकॉर्डरला मी तळहाताच्या फोडासारखं जपत असे.

सगुणाबाई लोंढे एका मुलींच्या बालगृहात परिविक्षा अधिकारी होत्या. हे पद गावात कुणाला उच्चारता येत नसे, म्हणून सगळे त्यांना 'बालगृहाच्या बाई' म्हणत. चोपन्न वर्षांच्या, ठेंगण्या, सुती साडी, पायांत दोनदा अंगठा शिवलेली चप्पल. मुलीला घरी परत पाठवायचं की नाही, हे बालकल्याण मंडळ ठरवी. पण मंडळ ठरवी ते बाईंच्या गृहभेटीच्या अहवालावरून. म्हणजे खरं तर बाईच ठरवत. पंचवीस वर्षं त्या हेच करत होत्या.

दोन आठवड्यांत त्यांनी मला 'अहो पोतनीस'वरून 'अनुपमा'वर आणि 'अनुपमा'वरून 'ए पोरी'वर आणलं. प्रश्न मात्र नऊच झाले होते.

"तुझे प्रश्न राहू देत," एक दिवस त्या म्हणाल्या. "उद्या शेवंताकडं जायचंय. चल माझ्याबरोबर. वही आणायची नाही."

"मग नोंदी?"

"बाहेर आल्यावर. वही दिसली की माणूस पदर सावरायला लागतो. मग आपल्याला नुसता पदर दिसतो."

शेवंता म्हणजे शेवंता पाटोळे. मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. नवरा भिवंडीला गेला तो तिकडचाच झाला. दोन वर्षांपूर्वी तिला क्षय झाला, सांभाळणारं कुणी नव्हतं, तेव्हा तिची मुलगी सारिका बालगृहात आली. आता शेवंता खडखडीत बरी झाली होती, डॉक्टरांचा दाखला होता, आणि मुलगी परत द्या असा तिचा अर्ज होता. अडचण एवढीच की सारिका साडेनऊ वर्षांची होती. आमचं बालगृह दहा वर्षांपर्यंतचं. मंडळानं या बैठकीत अर्ज नाकारला, तर तिची रवानगी दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत होणार होती, ती थेट अठरा पूर्ण होईपर्यंत. तिथून कांड्या भरणाऱ्या बाईला महिन्यातून एकदा मुलीला भेटायला जाणंही जमलं नसतं.

शेवंताची खोली मागांच्या शेडच्या पाठीला पाठ लावून होती. आत बोलायचं तर मागांच्या खडखडाटावर आवाज चढवावा लागे आणि भिंतीला हात लावला तर ती थरथरत असे. बाई सरळ जमिनीवर बसल्या, पाणी मागितलं, प्यायल्या. मग गप्पा. रॉकेल मिळतं का, मुकादम नवा आला तो कसा आहे, शेजारणीच्या सुनेला काय झालं. मुलीबद्दल एक अक्षर नाही. मी आपली मनातल्या मनात 'असंरचित संवाद' असं शीर्षक देऊन बसले होते. पाऊण तासानं चहा झाला आणि आम्ही उठलो.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर बाईंनी विचारलं, "काय बघितलंस?"

मी घडाघडा सांगितलं. एकच खोली, अंदाजे दहा बाय बारा, खिडकी नाही, आवाजाचा त्रास, स्टोव्ह जमिनीवर.

"आणि खुंटी?"

"कुठली खुंटी?"

"दाराजवळची. नवी ठोकलीय. शेवंता एवढी उंच बाई, आणि खुंटी तिच्या कमरेला येती. ती कुणासाठी ठोकली असंल? दप्तर अडकवायला, पोरीचा हात पोचंल अशी." बाई चालू लागल्या. "माझा अहवाल झाला. तू लिही तुझं दहा बाय बारा."

तोंडात मारल्यासारखं झालं. पण मी त्या वयात हार मानणारी नव्हते. मला वाटलं, बाई बघतात ते ठीक, पण विचारत नाहीत. विचारायचं शास्त्र तर मी शिकून आले होते.

म्हणून मी शुक्रवारी, गावात वीज बंद असायची त्या वारी, एकटीच शेवंताकडे गेले. माग थांबलेले होते आणि गल्ली ओळखू न येण्याइतकी शांत होती. टेपरेकॉर्डर मध्ये ठेवला, तिला सगळं समजावून सांगितलं. हे माझ्या अभ्यासासाठी आहे, तुमचं नाव कुठेही येणार नाही, लोंढेबाईंनासुद्धा मी यातलं काही सांगणार नाही.

"बाईस्नी पण न्हाई?" तिनं विचारलं.

"शपथ."

मग ती बोलली. आधी थांबत थांबत, मग मला दोनदा कॅसेट उलटवावी लागली इतकं. कुणी तिला असं बसून कधी ऐकलंच नव्हतं. दुपार कलायला आली तेव्हा ती म्हणाली, "एक सांगू का ताई? सारीला तिथं सोडून आलो, त्या राती मी पैल्यांदा गाढ झोपलो बघा. डोळा उघडला तर सकाळचा भोंगा झालता. आदी बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. आजून बी कवा कवा वाटतं, ऱ्हाऊ दे की तिकडंच, काय बिगडलं? टायमाला जेवती. हितं माझा मलाच जीव नको हुतो. आन मग रडतो मी एकली."

मला तिचा हात धरावासा वाटला होता, पण पुस्तकात तसं करू नका असं लिहिलं होतं, आणि मी धरला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मुलाखत अप्रतिम झाली होती, हे तर मला कळत होतं. सर परदेशी जाणार होते आणि त्याआधी त्यांना एक नमुना टाइप करून पाठवायचा होता. मी रात्रभर जागून शेवंताला झाकून टाकलं. नाव बदलून पार्वती केलं. भोंगा काढला, कांड्या काढल्या, क्षय काढला, वय काढलं. गाव लहान, 'बालगृह' म्हटलं तरी कुणी ओळखेल, म्हणून तिथे 'त्यांच्याकडे' घातलं. तिची बोलीही पुसली आणि छान पुणेरी मराठी करून टाकली. तिच्या तोंडचं तिखटमीठ सगळं गेलं, पण शपथ पाळल्याचं समाधान मला मिळालं.

टाइपरायटर कार्यालयात एकच. मी चौगुले भाऊसाहेबांना गळ घातली. हातानं लिहिलेले कागद चुरगळू नयेत म्हणून मी ते समोर पडलेल्या एका फाइलीत घालून त्यांच्या टेबलावर ठेवले. भाऊसाहेबांनी संध्याकाळपर्यंत टाइप करून दिले, आणि मी ते रजिस्टर पोस्टानं पुण्याला धाडून मोकळी झाले.

मंडळाची बैठक पुढच्या गुरुवारी बालगृहाच्या मोठ्या खोलीत होती. अध्यक्ष होते शहापूरकर वकील, आणि सदस्य मगदूमबाई, गावातल्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बाहेरच्या बाकावर शेवंता धुवट लुगडं नेसून सकाळपासून बसली होती. मला निरीक्षक म्हणून मागे खुर्ची दिली होती, आणि मी मोठ्या प्रेमानं ही जिवंत बैठक वहीत उतरवून घेत होते.

शहापूरकर वाईट माणूस नव्हते. पण वकिली स्वभाव, फाइलीतला कागद न् कागद वाचल्याशिवाय सही करायचे नाहीत. अर्ज वाचला. दाखला वाचला. बाईंचा अहवाल वाचून मान डोलावली. मग आणखी एक कागद उलटला आणि थांबले.

"हे काय आहे? 'मुलाखत क्रमांक सात. पार्वती, नाव बदललेले.'"

मी मान उंचावून पाहिलं. पातळ कागद, निळी अक्षरं. कार्बन प्रत. कार्यालयातून कुठलाही टाइप केलेला कागद प्रत ठेवल्याशिवाय बाहेर जाता कामा नये, हा भाऊसाहेबांचा तीस वर्षांचा नेम होता, आणि कागद ज्या फाइलीतून आले त्याच फाइलीत त्यांनी इमानदारीनं प्रत लावून टाकली होती. ती फाइल शेवंताची होती. मी ज्या फाइलीत कागद घालून दिले होते, तिचं नाव वाचायचे कष्ट मी घेतले नव्हते.

शहापूरकर मोठ्यानं वाचू लागले. "'मुलीला त्यांच्याकडे सोडून मी परत आले. त्या रात्री मी पहिल्यांदा गाढ झोपले. आधी बरं वाटलं, मग बरं वाटल्याची लाज वाटली. अजूनही कधीकधी वाटतं, राहू दे तिला तिकडेच, काय बिघडलं?'" त्यांनी कागद खाली ठेवला. "मगदूमबाई, आईच असं म्हणत असेल तर आपण मुलगी कुणाच्या भरवशावर पाठवायची? पुढच्या संस्थेत निदान कुणी तिला नको तरी म्हणणार नाही. बोलवा त्या बाईंना आत. विचारूया."

मी उठायला हवं होतं. मी उठलेही बहुतेक, कारण वही खाली पडल्याचा आवाज मला आठवतो. पण बोलणार काय? हा कागद शेवंताचा नाही म्हणाले तर खोटं, आहे म्हणाले तर शपथ मोडली आणि पोरगी गेली.

"तिला कशाला बोलावताय साहेब," लोंढेबाई म्हणाल्या. "ती पार्वती मी आहे."

शहापूरकरांनी कागदावरून मान वर केली.

"ही पुण्याची मुलगी आमच्या कामाचा अभ्यास करती. महिनाभर मला प्रश्न विचारून विचारून तिनं भंडावलंय. माझ्या टेबलावर फायली पडलेल्या असतात, त्यातल्या एकीत कागद गेला. चूक झाली. पण ते बोलणं आईचं आहे हे खरं, आणि ती आई मी."

शहापूरकरांनी माझ्याकडे पाहिलं. "हो का हो? कुणाची मुलाखत आहे ही?"

"ते मला सांगता येत नाही," मी म्हणाले. "संशोधनाचा नियम आहे."

"तिला विचारू नका. ती मेली तरी सांगायची नाही," बाई म्हणाल्या. "मी माझ्या तोंडानं माझं सांगतीय. आमचे हे गेले तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती. मला शिकायचं होतं, मग ही नोकरी लागली, सगळी फिरती. मी तिला आजऱ्याला माझ्या आईकडं ठेवली. पाच वर्षं. तिला सोडून एसटीनं परत आले आणि त्या रात्री झोपले. अशी झोपले म्हणून सांगू."

एवढं बोलून त्या थांबल्या, आणि मला दिसलं की त्यांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट दाबलेला आहे. या बाईंनी पंचवीस वर्षं या खोलीत उभं राहून दुसऱ्या आयांची खात्री दिली होती. आणि समोर बसलेल्या मगदूमबाई त्यांच्या मुलीच्या मुख्याध्यापिका होत्या.

"वैजयंती आजऱ्याला होती, तेव्हाचं?" मगदूमबाईंनी हळू विचारलं.

"हो."

मगदूमबाईंनी फाइल आपल्याकडे ओढली, टाचणी काढली, पातळ कागद अलगद सोडवला आणि लोंढेबाईंच्या हातात दिला. "तुमचा कागद तुमच्याजवळ ठेवा. शहापूरकर, हा या फाइलीतला नाही. आणि खरं सांगू का, हे वाचून आईला नाही म्हणायचं ठरवलं, तर माझ्या शाळेतल्या निम्म्या मुली बालगृहात पाठवाव्या लागल्या असत्या."

शहापूरकरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी अहवाल पुन्हा पुढे घेतला. "ही खुंटी म्हणजे नक्की किती उंचीवर?" त्यांनी विचारलं. बाईंनी हात कमरेशी धरून दाखवली. तीन महिने दर पंधरा दिवसांनी गृहभेट, या अटीवर मुलगी आईकडे द्यावी, असा ठराव झाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर शेवंता उठून उभी राहिली. "काय झालं, बाई?"

"घेऊन जा तुझी पोरगी," बाई म्हणाल्या. "सही करायला ये आत. आणि रडायचं ते घरी जाऊन रड, इथं पोरी जेवायला बसल्यात."

शेवंता ऐकते कुठली. ती तिथंच पायरीवर मटकन बसली आणि बाईंच्या पायांना मिठी मारून हमसून हमसून रडली. आत काय झालं हे तिला कधीच कळलं नाही. माझ्या प्रबंधातही मुलाखत क्रमांक सात नाही. सहानंतर आठ आहे, आणि तोंडी परीक्षेत कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

दुपारी मी बाईंसमोर उभी राहिले. माफी कशी मागायची ते बैठक संपल्यापासून जुळवत होते आणि ऐनवेळी नुसतंच म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्यामुळे खोटं बोललात."

"तुझ्यामुळं कशाला? आणि खोटं त्यात कायच नव्हतं." त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. "साहेब वाचायला लागले ना, तेव्हा ते शेवंताचं आहे हे माझ्या ध्यानात उशिरा आलं. आधी वाटलं, माझंच पोटातलं कुणी चोरून टाइप केलंय. अठ्ठावीस वर्षं मी हे कुणापुढं बोलले नव्हते. देवापुढंसुद्धा नाही."

"मग आज..."

"मग आज ती पोरगी चालली होती ना." त्यांना हवी ती चिठ्ठी सापडली. त्यावर एक टेलिफोन नंबर होता. "चल माझ्याबरोबर. वैजूला फोन करायचाय."

वैजयंती जयसिंगपूरला दिलेली होती. तिच्या सासूबाई आणि मगदूमबाई एकाच भजनी मंडळातल्या. "मगदूमबाई चांगल्या आहेत," वाटेत बाई म्हणाल्या, "पण कौतुकानंच सांगतील कुणाला तरी. रविवारपर्यंत पोचंल. त्याआधी तिला माझ्याकडून कळलेलं बरं." मंडळासमोर ताठ उभी राहिलेली ही बाई आता इतकी भरभर चालत होती की मला पळावं लागत होतं, आणि फोनच्या बूथपाशी पोचल्यावर मात्र दारात थबकली.

"काय सांगणार?" मी विचारलं.

"काय वाचलं ते सांगणार. पोरीला टाकून मी सुखानं झोपले, असं." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "तिनं फोन ठेवला तर मला काही विचारू नकोस. सरळ घरी पोचव."

मी बाहेर उभी राहिले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. आधी त्या बोलत होत्या, मान खाली घालून, बराच वेळ. मग त्या नुसत्या ऐकायला लागल्या. ऐकता ऐकता त्यांनी एकदा रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला. एका कार्बन प्रतीनं मी या बाईंचं काय करून ठेवलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते.

"ठेवला का फोन?"

"नाही ठेवला. आधी कायच बोलेना, मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाली, रविवारी राहायला ये." बाईंनी माझ्या खांद्यावर हात टेकला. आधारासाठी टेकला असं वाटलं, पण त्यांचे खांदे हलत होते आणि त्या हसत होत्या. "आणि म्हणाली, आई, आता सांगते. तू मला न्यायला आलीस ना आजऱ्याला, तेव्हा मी आजीच्या धान्याच्या कणगीमागं लपून बसले होते, कारण मला तुझ्याबरोबर यायचंच नव्हतं. मला तिथंच बरं वाटायचं. तुला वाईट वाटंल म्हणून कधी बोलले नाही."

त्यांनी डोळे पुसले, पण पाणी थांबेना.

"आणि मी इतकी वर्षं गावभर सांगत फिरतीय, आई दिसल्यावर माझी पोरगी लाजली आणि लपून बसली म्हणून."